अंगठ्याचा उशीर

आमच्या शाळेच्या जिन्याशेजारी एक काळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने शाळेचे क्रीडाविक्रम लिहिलेले आहेत. वरून चौथी ओळ अशी: '१०० मीटर धावणे, कु. हेमा लिमये, १३.१ सेकंद, १९८८'. ही हेमा लिमये म्हणजे मी. लग्नानंतर मी जोग झाले. आधार कार्डावर जोग, बँकेत जोग, मुलींच्या तोंडी जोगबाई. लिमये आता फक्त त्या फळ्यावर उरली आहे. गेली सव्वीस वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवताना दिवसातून चार वेळा मी त्या ओळीखालून जाते. मान वर करून बघत नाही. ती तिथे आहे, एवढं मला पुरतं.

मुलींमध्ये माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक, उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापते. 'उत्तर पाच' असं कोणी लिहिलं की मी विचारते, पाच काय, वांगी? दुसरी, कापलेला गुण मी परत देत नाही, आईवडील भेटायला आले तरीही.

शाळा शनिवार पेठेत, पटांगण जेमतेम पन्नास मीटरचं. त्यामुळे क्रीडास्पर्धा दरवर्षी डिसेंबरात एका कॉलेजच्या मैदानावर होतात. मी धावले तीही तिथेच. यंदा वेळ मोजण्याचं यंत्र मी स्वतः बनवलं होतं. नववीच्या चार मुलींना घेऊन बुधवार पेठेतल्या दुकानांमधून सुटे भाग आणले आणि दोन शनिवार डोकं लावलं. सुरुवातीच्या रेषेवर दोन लाकडी फळ्या. त्या एकमेकींवर आपटल्या की टाळीसारखा आवाज होतो आणि त्याच क्षणी तारेतून घड्याळ सुरू होतं. शेवटच्या रेषेवर प्रकाशाचा किरण. धावणारी त्यातून गेली की घड्याळ बंद. मध्ये माणूस नाही. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं हे यंत्र पहिल्या झटक्यात चाललं, हे मी स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

त्या यंत्रावर नववीतली स्वराली दाते १३.२२ सेकंदांत धावली. बुटकीशी, दोन वेण्यांची, बोलायला लागली की न थांबणारी मुलगी. बाकीच्या मुली तिच्या इतक्या मागे होत्या की दुसरा नंबर कोणाचा, हे आठवायला मला कागद बघावा लागेल.

मुख्याध्यापिका तेजस्विनीबाई माईकवर म्हणाल्या, "थोडक्यात हुकलं हं, स्वराली! आपल्या जोगबाईंचा छत्तीस वर्षांचा विक्रम अजून अबाधित आहे." टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मी हात जोडले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तासाला स्वरालीने हात वर केला.

"बाई, तुमच्या वेळी घड्याळ कोणी दाबलं होतं?"

"घैसास सरांनी. तेव्हाचे पीटीचे सर. का?"

"त्यांना ते दाबायला किती वेळ लागला?"

वर्ग हसला. मी हसले नाही. प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नाचा मला आधी रागच येतो. राग गेला की मग तो प्रश्न डोक्यातून जात नाही. त्या दिवशी धडा होता आरशांचा. तो बाजूला ठेवला.

"इशारा होतो," मी सांगितलं. "डोळ्याला तो दिसतो, मेंदूला कळतो, मेंदू हाताला सांगतो, मग हात हलतो. या सगळ्याला वेळ लागतो. इशारा झाल्यापासून हात हलेपर्यंतचा जो काळ, तो प्रतिक्रिया काळ. कितीही चपळ माणूस असला तरी तो शून्य नसतो."

"मोजायचा कसा?"

"पट्टीने."

आता मात्र सगळ्या पुढे सरसावून बसल्या. वेळ पट्टीने मोजता येतो हे ऐकलं की दरवर्षी वर्गाचं असंच होतं, आणि खरं तर त्यासाठीच मी शिक्षिका झाले. मी कपाटातून लाकडी पट्टी काढली आणि तिचं वरचं टोक चिमटीत धरलं. खाली, शून्याच्या खुणेशी, स्वरालीला अंगठा आणि बोट उघडं ठेवायला सांगितलं, पट्टीला न टेकवता. मग न सांगता पट्टी सोडली. तिने पकडली ती सतराच्या खुणेवर.

"पडणारी वस्तू किती वेळात किती खाली येते ते ठरलेलं आहे. वीस सेंटिमीटर पडायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे पट्टी कुठे पकडली ते वाचलं की वेळ कळला. घड्याळाची गरजच नाही."

पुढचे आठ दिवस स्वरालीने शाळेत कोणाला सुखाने बसू दिलं नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रकल्प म्हणाली, एक वही केली, आणि समोर येईल त्याच्या बोटांमध्ये पट्टी सोडत सुटली. वहीत तीन रकाने: इशारा, कृती, मधला काळ. शिपाई नागोराव तेवीस सेंटिमीटर. तेजस्विनीबाई सव्वीस, 'अंगठी आड आली' या शेऱ्यासकट. कबड्डीच्या संघातली तनुजा चौदा, ती सगळ्यांत चपळ. एकूण चौसष्ट माणसं आणि सरासरी वीस.

मग एका तासाला ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, सरांचापण अंगठा दोन दशांश सेकंद उशिरा पडला असणार. म्हणजे तुम्ही पळायला लागल्यावर दोन दशांशाने घड्याळ सुरू झालं. तेवढा वेळ तुम्हाला फुकट मिळाला."

"माझं अंगसुद्धा इशाऱ्यानंतर जरा उशिराच हललं असेल," मी म्हटलं.

"ते माझंपण हललं ना, बाई. ते दोघींच्या वेळेत आहेच. पण यंत्राला अंगठा नाहीये." तिने मान तिरकी केली. "मग तुमच्या वेळेत दोन दशांश मिळवायचे का?"

तेरा पूर्णांक एकमध्ये दोन दशांश मिळवले की तेरा पूर्णांक तीन. तिची वेळ तेरा पूर्णांक बावीस शतांश. हे गणित करायला मला स्वतःला किती वेळ लागला ते मोजायला हवं होतं. पोरीच्या डोळ्यांत मात्र विक्रमाचं काही नव्हतं. तिला फक्त पुढे काय येतं ते बघायचं होतं.

मी वर्गातल्या फळ्याकडे वळले. "आणि घड्याळ थांबवताना? तिथेही हाच अंगठा ना? सुरुवातीला दोन दशांश उशीर, शेवटी दोन दशांश उशीर. घड्याळ उशिरा सुरू झालं आणि तेवढंच उशिरा थांबलं. मधला काळ बरोबर आला." खडूने दोन बाण काढले, एकाच लांबीचे. मुलींनी माना डोलावल्या. स्वरालीने ते वहीत उतरवून घेतलं.

बसता बसता तिने विचारलं, "शेवटीपण तेवढाच होतो, बाई?"

"तेवढाच," मी म्हटलं, आणि बाण पुसून टाकले.

विक्रम वाचला होता. पण 'तेवढाच' हे मी मोजलेलं नव्हतं, आणि न मोजलेली गोष्ट ठणकावून सांगणाऱ्या मुलीचे मी गुण कापते. दोन दिवस तो शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा त्रास देत राहिला. घैसास सर हयात होते, मंडईच्या मागच्या बाजूला राहत होते. त्यांना जाऊन विचारलं की झालं. रविवारी सकाळी मी मंडईत भाजी घेतली आणि तशीच त्यांच्याकडे गेले. पिशवीत मेथी, कांद्याची पात आणि पन्नास सेंटिमीटरची पट्टी. स्वरालीला सोबत नेलं नाही. का नेलं नाही, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

सर ब्याऐंशीचे आहेत. दार त्यांनीच उघडलं.

"लिमये!" ते म्हणाले. "बाहेरच्या लेनमधली."

त्या नावाने मला कितीतरी वर्षांनी कोणी हाक मारली होती. मी पिशवी खाली ठेवायच्या निमित्ताने वाकले.

चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं. किल्लीचं, स्टीलचं, अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं. किल्ली दिल्यावर ते अजूनही टिकटिक करायला लागलं.

"सर, तुम्ही शिट्टी ऐकून बटण दाबायचात का?"

"अगं, शिट्टी ऐकून दाबायला मी काय येडा आहे? आवाज शंभर मीटर येईपर्यंत तुम्ही पोरी ढांगभर पुढे. शिट्टीबरोबर तिकडून लाल रुमाल सोडायचे, त्याच्याकडे बघायचं. आणि रुमाल सोडणारा पक्का बेरकी. कधी दोन मोजून सोडेल, कधी पाच. आधी ओळखायची सोयच नाही. दिसला की दाबायचं."

मी पट्टी काढली आणि स्वरालीचा प्रयोग समजावला. सरांनी सदऱ्याची बाही वर सारली, जणू शर्यतच होती. पहिल्यांदा पट्टी एक्केचाळिसावर पकडली, मग अडतिसावर. वयाच्या मानाने ठीकच. तिसऱ्यांदा मी पट्टी सोडली आणि ती जागच्या जागी थांबली. खाली वाकून पाहिलं. सहा सेंटिमीटर.

मनात मी लगेच हिशोब केला. स्वरालीची आणि माझी वेळ, फरक बारा शतांशांचा. बारा शतांश सेकंदात पट्टी पडते सात सेंटिमीटर. सरांचा अंगठा सातच्या आत असेल तर दोन बाणांचं गणितही नको. विक्रम माझाच. चौसष्ट माणसांत जे कोणाला जमलं नाही ते या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने केलं होतं.

"परत," मी म्हटलं.

पाच सेंटिमीटर.

"सर, हे कसं काय?"

सर मिश्किल हसले. "तू पट्टी सोडायच्या आधी खालचा ओठ चावतेस. पहिल्या दोनदा लक्षात आलं नाही. आता मी पट्टीकडे बघतच नाहीये."

मी शेजारचं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि पट्टी सोडली. चाळीस.

"हेच तर, लिमये," सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले. "अचानक आलं तर माणूस उशीर करतो. येताना दिसलं तर नाही करत. सुरुवातीला रुमाल अचानक पडायचा, तिथे माझा इलाज नव्हता. पण शेवटी लोकरीची दोरी बांधलेली असायची, आणि तुम्ही पोरी चांगल्या लांबून येताना दिसायचात. दोरी ताणली जायची आणि माझा अंगठा बरोब्बर तिच्याबरोबर खाली. एक शतांशसुद्धा मागे नाही. पंचवीस वर्षांत एकाही मुलीला मी शेवटी उशीर लावला नाही. आहे काय!"

त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. माझ्या फळ्यावरचे ते दोन बाण मला दिसत होते. त्यातला दुसरा बाण होताच कुठे? उशीर फक्त सुरुवातीला झाला होता. तेव्हा सर शेहेचाळीसचे, चपळ. समजा तनुजाइतके चपळ. तरी चौदा सेंटिमीटर. तरी सोळा-सतरा शतांश. मला बाराच्या आत हवे होते.

"फळ्यावर नाव आहे ना अजून?" सरांनी विचारलं.

"आहे, सर."

"असणारच," ते म्हणाले, आणि घड्याळ पुन्हा रुमालात बांधायला लागले.

त्यांना काहीच सांगितलं नाही. ते ठीकच केलं. पण सोमवारी शाळेतही कोणाला सांगितलं नाही, आणि मंगळवारी नाही, आणि बुधवारी नाही. कोणी विचारणार नव्हतं. घड्याळ सरांच्या कपाटात, दोन बाण पुसलेले, आणि पोरीला विक्रमाचं सोयरसुतक नव्हतं. तिला अजून दहावीचं वर्ष धावायचंय, मी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी मोडेल आपोआप. माझ्याकडे मात्र दुसरी कुठली ओळ होती? त्या चार दिवसांत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी जिन्याशेजारी थांबून, मान वर करून, ती ओळ वाचली. अक्षरं वळणदार होती. 'लि'ची वेलांटी जरा जास्तच लांब ओढली होती. ते नाव मला हवं होतं. बस, एवढंच.

गुरुवारी स्वराली प्रकल्पाची वही सहीला घेऊन आली. शुक्रवारी प्रदर्शन. मी लाल पेन उघडलं आणि पानं चाळली. मांडणी सुरेख होती. चौसष्ट माणसं, प्रत्येकापुढे सेंटिमीटर, त्यापुढे सेकंद, एकही एकक विसरलेलं नाही. शेवटच्या पानावर चौकटीत, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना सारखाच उशीर होतो. म्हणून श्रीमती जोगबाईंचा विक्रम बरोबर आहे.' आणि त्याखाली माझ्या सहीसाठी जागा.

चूक समोर दिसत असताना सही करायची, हे मला जमत नाही. यात मोठेपणा काही नाही, सवय आहे. एखाद्याला वाकडी टांगलेली तसबीर सरळ केल्याशिवाय बसवत नाही, तसं. लाल रेघ आधी मारली गेली आणि मग मला कळलं की आपण मारली.

"चुकलं का, बाई?" स्वराली दचकली.

"तुझं नाही. माझं. बस."

आणि मी तिला सगळं सांगितलं. रुमाल, दोरी, चावलेला ओठ, सहा सेंटिमीटर, वर्तमानपत्र, चाळीस सेंटिमीटर. ऐकताना तिचे डोळे मोठे होत गेले. मला वाटलं, आता विक्रमाचं तिच्या लक्षात येईल. पण ती म्हणाली, "म्हणजे येणारं दिसत असलं की मेंदू आधीच निघतो? बाई, हेपण मोजता येईल! एकदा सांगून पट्टी सोडायची, एकदा न सांगता!" तिने माझ्या हातातून वही जवळजवळ ओढून घेतली. मला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

मधल्या सुट्टीत मी तेजस्विनीबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जोगबाई, छत्तीस वर्षांनी कशाला उकरून काढताय हे? कोणी तक्रार केली आहे का?"

"माझीच आहे."

"अहो, तेव्हा सगळ्यांचीच वेळ हाताने मोजायचे. नियमाप्रमाणेच होतं ना ते?"

"नियमाप्रमाणे होतं. बरोबर नव्हतं. वर्गात मी हे दोन वेगळे शब्द आहेत असं शिकवते."

त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पेंटर बजरंगला फोन लावला.

बजरंग शनिवारी सकाळी आला. शिडी लावली, काळ्या रंगाचा डबा उघडला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ही पूर्ण ओळच मारू ना?" मी हो म्हटलं. रंगाच्या दोन हातांत लिमये गेली. वेलांटी सर्वांत शेवटी. मी तिथून हलले नाही. वाईट वाटलं, आणि ते वाटू दिलं. काळा रंग वाळल्यावर त्याने पांढरा ब्रश घेतला. 'कु. स्वराली दाते, १३.२२ सेकंद'. 'सेकंद' लिहायचं तो विसरत होता. मी आठवण केली.

स्वराली माझ्या शेजारी वही छातीशी धरून उभी होती. प्रदर्शनात तिला दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि पहिलं का मिळालं नाही याची तिच्याकडे तीन कारणं होती. ती सगळी सांगून झाल्यावर तिने फळ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला हे कळलं कधी?" तिने विचारलं.

"रविवारी. घैसास सरांकडे."

"आणि मला सांगितलंत गुरुवारी."

आवाजात ठपका नव्हता. ती फक्त मोजत होती. मी तिच्याकडून वही मागून घेतली. चौसष्टाव्या माणसाखाली एक ओळ रिकामी होती. पेन काढलं आणि लिहिलं: 'हेमा लिमये'. इशाऱ्याच्या रकान्यात 'रविवार सकाळ'. कृतीच्या रकान्यात 'गुरुवार सकाळ'. शेवटच्या रकान्यात चारचा आकडा घातला आणि वही तिच्या हातात दिली.

तिने ती ओळ वाचली. एकदा वाचली, मग परत वाचली. मग माझ्याकडे बघून, जरा घाबरतच, म्हणाली, "बाई, एकक राहिलं."

मी वही परत घेतली, चारच्या पुढे 'दिवस' लिहिलं आणि लाल पेनने माझा अर्धा गुण कापला.